दूषित भूजलाच्या शुद्धीकरणाचे नियमन

उद्योगांचे सांडपाणी, रासायनिक गाळ किंवा टाक्यांतील गळती यांमुळे दूषित झालेले भूजल पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे काम कोणी करावे, कोणत्या प्रमाणकापर्यंत करावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि ते पूर्ण झाले हे कोणी ठरवावे, यासंबंधीच्या कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्थेला दूषित भूजलाच्या शुद्धीकरणाचे नियमन असे म्हणतात. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागांबाबत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो; कारण कारखाना बंद झाला तरी जमिनीत मुरलेली रसायने तेथेच राहतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर आसपासच्या विहिरींपर्यंत पोहोचत राहतात.

भारतात जलप्रदूषणाविषयीचे कायदे १९७० च्या दशकापासून आहेत. मात्र त्यांचा मुख्य रोख चालू कारखान्याने प्रदूषण करू नये यावर होता. पूर्वी होऊन गेलेले प्रदूषण दूर कसे करावे, याविषयीचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये प्रथमच अधिसूचित झाले. तोपर्यंत हे क्षेत्र प्रामुख्याने न्यायालयीन निर्णयांवर अवलंबून होते. त्यांपैकी बिछडी (राजस्थान) प्रकरणातील १९९६ चा निकाल पायाभूत मानला जातो.

भूजल दूषित होण्याची प्रक्रिया

जमिनीवर टाकलेला रासायनिक गाळ पावसाच्या पाण्यात विरघळतो आणि ते पाणी मुरमातून झिरपत जलधरापर्यंत, म्हणजे पाणी साठवून ठेवणाऱ्या व वाहू देणाऱ्या भूस्तरापर्यंत पोहोचते. तेथून दूषित पाण्याचा लांबट पट्टा भूजलाच्या उताराच्या दिशेने सरकू लागतो. नदीचे पाणी दिवसाला कित्येक किलोमीटर वाहते. भूजल मात्र अनेक ठिकाणी वर्षाला काही मीटर एवढ्याच वेगाने पुढे जाते. त्यामुळे प्रदूषण उघडकीस येण्यास वर्षे लागतात आणि ते दूर होण्यास त्याहून अधिक काळ जातो.

थोड्या रसायनाने किती पाणी बिघडू शकते, हे साध्या हिशेबाने समजते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमचे प्रमाण लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. या हिशेबाने पाण्यात विरघळलेले एक किलोग्रॅम क्रोमियम दोन कोटी लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणण्यास पुरेसे ठरते.

सर्व प्रदूषके सारखी वागत नाहीत. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते व दूरवर जाते. त्रिसंयुजी क्रोमियम बहुतांशी मातीला धरून राहते. पेट्रोल, डिझेल यांसारखी तेले पाण्यापेक्षा हलकी असल्याने भूजलपातळीवर तरंगतात. धातूंचे सुटे भाग धुण्यासाठी वापरली जाणारी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावणे पाण्याहून जड असतात. ती जलधराच्या तळाशी जाऊन खडकाच्या भेगांत साचतात आणि वर्षानुवर्षे थोडीथोडी विरघळत राहतात. म्हणून शुद्धीकरणाचा आदेश देण्यापूर्वी प्रदूषक कोणते आणि खडक कोणता, या दोन्हींची तपासणी आवश्यक असते.

दख्खनच्या खडकातील भूजल

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागावर दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक आहे. हा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला असून त्याचा अभंग भाग जवळजवळ पाणी धरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमाड थरात, मांजऱ्या खडकात, दोन थरांमधील सांध्यांत आणि भेगांत. त्यामुळे भूजल सर्व दिशांना सारखे न पसरता भेगांच्या वाटेने जाते. कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दूरची विहीर दूषित, असे चित्र या प्रदेशात संभवते. एक-दोन विहिरींच्या नमुन्यांवरून संपूर्ण परिसराविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे असते. प्रदूषण कोणाच्या जागेतून आले, हे सिद्ध करणेही यामुळे अवघड जाते. आणि कायद्याच्या दृष्टीने नेमका हाच प्रश्न कळीचा असतो.

कायदेशीर चौकट

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ : या कायद्यातील ‘प्रवाह’ या संज्ञेच्या व्याख्येत भूमिगत पाण्याचाही समावेश आहे. कलम २४ नुसार विषारी वा प्रदूषणकारी पदार्थ प्रवाहात, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई आहे. कलम ३३(अ) अन्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योग बंद करण्याचे किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते. महाराष्ट्राने यापूर्वीच, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता. त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्रीय कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ : भोपाळ वायुदुर्घटनेनंतर झालेल्या या कायद्याची कलमे ३ व ५ केंद्र सरकारला व्यापक अधिकार देतात. शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकाकडून वसूल करण्याचा अधिकार याच कलमांतून निघतो, असे सर्वोच्च न्यायालयाने बिछडी प्रकरणात ठरवले. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची स्थापनाही १९९७ मध्ये याच कायद्याखाली झाली. जनविश्वास अधिनियम, २०२३ मुळे या कायद्यातील शिक्षेच्या तरतुदी बदलल्या असून बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड ठेवण्यात आला आहे. दंड हा उल्लंघनाबद्दल असतो. शुद्धीकरणाचा खर्च त्याहून वेगळा मानला जातो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० : कलम १५ नुसार न्यायाधिकरण पीडितांना भरपाई देण्याचा आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. कलम २० नुसार निर्णय देताना शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषक भरपाई देईल’ या तत्त्वांचा अवलंब करणे बंधनकारक आहे. कलम १५ खालील अर्ज मात्र कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. भूजलाचे प्रदूषण उशिरा लक्षात येत असल्याने ही मुदत अडचणीची ठरू शकते. महाराष्ट्रासाठी या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुणे येथे आहे.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ : राष्ट्रपतींच्या संमतीनंतर हा कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्याचा मुख्य भर उपशावरील नियंत्रणावर आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणावर आहे. राज्य भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण काम पाहते, तर तांत्रिक बाजू भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सांभाळते.

बिछडी प्रकरण

बिछडी हे उदयपूर जिल्ह्यातील गाव आहे. १९८८ च्या सुमारास तेथील एका औद्योगिक संकुलात एच-आम्ल या रसायनाचे उत्पादन सुरू झाले. कापडाच्या रंगांसाठी लागणाऱ्या या रसायनाचे सुमारे ३७५ टन उत्पादन झाले आणि त्यातून सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ निर्माण झाला. हा गाळ आवारात व आसपास उघड्यावर टाकण्यात आला. उत्पादन १९८९ च्या प्रारंभीच थांबले. परंतु तोवर रसायने भूजलात उतरली होती. साठाहून अधिक विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले आणि ते माणसांना, गुराढोरांना व पिकांनाही निरुपयोगी ठरले.

‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन’ या संस्थेने १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला (नीरी) पाहणी करण्यास सांगितले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्या. बी. पी. जीवन रेड्डी आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यातील प्रमुख मुद्दे असे :

• धोकादायक उद्योगातून हानी झाल्यास, पुरेशी काळजी घेतली होती असा बचाव उद्योगाला करता येणार नाही. हे पूर्ण दायित्वाचे तत्त्व न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात मांडले होते. येथे ते जमीन व भूजल यांच्या प्रदूषणाला लागू केले गेले.
• प्रदूषकाच्या दायित्वात पीडितांची भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च या दोन्हींचा समावेश होतो.
• खर्चाची रक्कम केंद्र सरकारने ठरवावी व वसूल करावी. ती न भरल्यास उद्योगांची मालमत्ता जप्त करता येईल.

त्यानुसार ३७.३८५ कोटी रुपयांची मागणी करण्यात आली. उद्योगांनी मात्र एकामागून एक अर्ज करून ही वसुली लांबवली. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्या. दलवीर भंडारी आणि न्या. एच. एल. दत्तू यांच्या खंडपीठाने ते अर्ज फेटाळले आणि मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज, तसेच दाव्याच्या खर्चापोटी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. पैसे देण्यास विलंब करून कोणाचाही फायदा होऊ नये, हा चक्रवाढ व्याजामागील विचार होता.

या प्रकरणाने तत्त्व पक्के केले. त्याचबरोबर केवळ तत्त्वाने पाणी शुद्ध होत नाही हेही दाखवून दिले. पहिल्या याचिकेपासून २०११ च्या आदेशापर्यंत बावीस वर्षे गेली. एवढ्या काळात बाधित विहिरींवर अवलंबून असलेली कुटुंबे शुद्धीकरणाची वाट पाहत राहिली.

भारतातील अन्य प्रकरणे

भोपाळ : डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याच्या आवारात रासायनिक कचरा तसाच राहिला. आसपासच्या वस्त्यांतील भूजल दूषित झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तेथील रहिवाशांना पिण्याचे शुद्ध पाणी पुरवण्याचे निर्देश दिले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३७ टन साठवलेला कचरा पीथमपूर येथे हलवण्यात आला आणि नंतर जाळण्यात आला. साठवलेला कचरा हलवणे आणि जमिनीत मुरलेले प्रदूषण काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या प्रकरणावरून दिसते.

राणीपेट : तमिळनाडूतील या गावात सोडियम डायक्रोमेट बनवणारा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि क्रोमियमयुक्त कचऱ्याचे प्रचंड ढीग मागे राहिले. भूजलातील क्रोमियममुळे हे ठिकाण देशातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या दूषित स्थळांपैकी एक आहे.

कोडाईकनाल : येथील तापमापींचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तेथील प्रश्न मुख्यतः मातीतील पाऱ्याचा होता. एक किलोग्रॅम मातीत २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा की त्याहून कडक मर्यादा असावी, यावर दीर्घ वाद झाला. ‘किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ’ हा शुद्धीकरणाच्या नियमनातील मूलभूत प्रश्न त्यातून पुढे आला.

दूषित स्थळांविषयीचे नियम, २०२५

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने दूषित स्थळांच्या शुद्धीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यास सुरुवात केली. स्थळांची यादी, मार्गदर्शक पुस्तिका आणि कायदेशीर चौकट असे त्याचे तीन टप्पे होते. तिसरा टप्पा पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५ यांच्या रूपाने जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाला. नियम अधिसूचित झाले त्या सुमारास देशभरात १०३ दूषित स्थळे निश्चित झालेली होती. त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी शुद्धीकरण सुरू झाले होते.

नियमांतील कार्यपद्धती थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे :

१. जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी सादर करायचा आहे.
२. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असून त्यानंतरच्या ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण करायचे आहे.
३. घातक रसायनांचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास ते स्थळ दूषित म्हणून जाहीर होते आणि तेथील वावरावर निर्बंध येतात.
४. तज्ज्ञ संस्थेकडून शुद्धीकरणाचा आराखडा तयार करून घेतला जातो.
५. प्रदूषणास जबाबदार व्यक्ती वा संस्था मंडळाने ९० दिवसांत निश्चित करायची असते. खर्च तिच्याकडून वसूल होतो. जबाबदार व्यक्ती सापडत नसल्यास वा खर्च करण्यास असमर्थ असल्यास केंद्र व राज्य सरकार मिळून व्यवस्था करतात.
६. प्रदूषणामुळे जीवितहानी वा नुकसान झाल्याचे सिद्ध झाल्यास फौजदारी दायित्व भारतीय न्याय संहितेनुसार ठरते.

किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचरा क्षेपणभूमी यांसाठी स्वतंत्र कायदे असल्याने ते या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या वस्तीचे प्रकरण १९७८ मध्ये गाजले. त्यानंतर डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार कचरा टाकताना तो कायद्याला धरून टाकला होता, हा बचाव चालत नाही. आणि जागेचा आजचा मालक, पूर्वीचा चालक तसेच कचरा पाठवणारा यांपैकी कोणाकडूनही संपूर्ण खर्च वसूल करता येतो. दूषित स्थळांची राष्ट्रीय अग्रक्रम यादी लोकांसाठी खुली असते. शुद्धीकरणानंतरही प्रदूषण जागेवर शिल्लक ठेवले असल्यास दर पाच वर्षांनी फेरतपासणी केली जाते.

शुद्धीकरणाच्या पद्धती

उपसा व शुद्धीकरण : दूषित पाणी विंधन विहिरींतून उपसून, शुद्ध करून पुन्हा वापरले किंवा सोडले जाते. पट्टा पुढे सरकण्यापासून रोखण्यास ही पद्धत उपयोगी आहे. मात्र पंप बंद केल्यावर खडकाच्या भेगांत अडकलेले रसायन पुन्हा पाण्यात उतरते व प्रमाण वाढते.

अभिक्रियाशील भिंत : भूजलाच्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला जातो. त्यातून पाणी जाताना षट्संयुजी क्रोमियमचे कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात परिवर्तन होते. कठीण खडकात असा चर खणणे खर्चिक ठरते.

जागेवरील उपचार : जलधरात रसायने किंवा जिवाणूंचे खाद्य सोडून प्रदूषकांचे विघटन घडवून आणले जाते.

मूळ स्रोत हटवणे : गाळ व दूषित माती काढून सुरक्षित क्षेपणभूमीत नेली जाते किंवा तिच्यावर पाणी झिरपू न देणारे आच्छादन घातले जाते. स्रोत तसाच ठेवून केवळ पाणी शुद्ध करत राहिल्यास काम कधीच संपत नाही.

सर्व पद्धतींत निरीक्षण विहिरी अत्यावश्यक असतात. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशा दोन्ही वेळी नमुने घ्यावे लागतात. कारण पावसाच्या पाण्याने प्रदूषण तात्पुरते विरळ दिसते किंवा मुरलेले रसायन नव्याने खाली उतरते.

महाराष्ट्र व नाशिक

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई आणि तारापूर ही औद्योगिक क्षेत्रे अतिप्रदूषित गणली गेली. या निर्देशांकात हवा, भूपृष्ठावरील पाणी आणि जमीन व भूजल या तिन्हींचा विचार होतो. २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा निर्देशांक देशात सर्वाधिक होता.

नाशिकमध्ये १९६० च्या दशकापासून सातपूर व त्यानंतर अंबड येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. यंत्रभाग, विद्युत उपकरणे आणि त्यांना पूरक असे धातुमुलाम्याचे लहान उद्योग येथे आहेत. मुलाम्याच्या कामात क्रोमियम, निकेल यांसारखे धातू वापरले जातात. शहर वाढत गेल्याने सिडकोसह अनेक निवासी वस्त्या या वसाहतींना येऊन भिडल्या आहेत. शहराचा नळपाणीपुरवठा मुख्यतः गंगापूर धरणावर अवलंबून असला तरी विंधन विहिरींचा वापरही होतो. गोदावरीच्या खालच्या बाजूस निफाडसारख्या तालुक्यांत द्राक्षे, कांदा, भाजीपाला यांची शेती विहिरींवर चालते. गोदावरीच्या प्रदूषणाविषयी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि त्या प्रकरणात उपाय सुचवण्याचे काम नीरीकडे सोपवण्यात आले. नदीचे प्रदूषण डोळ्यांना दिसते म्हणून त्याची चर्चा होते. भूजलाचे मात्र नमुने तपासल्याखेरीज कळत नाही. त्यामुळे २०२५ च्या नियमांतील जिल्हा प्रशासनाचा सहामाही अहवाल हा औद्योगिक वसाहती असलेल्या नाशिकसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा आहे. बंद कारखान्यांच्या जागा घरबांधणीसाठी वापरात आणण्यापूर्वी माती व भूजल तपासणे, हा त्यातील सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरतो.

अडचणी व टीका

• २०२५ च्या नियमांत तपासणीसाठी कालमर्यादा आहेत. स्थळ दूषित ठरल्यानंतर शुद्धीकरण कधी पूर्ण व्हावे याची मुदत मात्र घालून दिलेली नाही.
• कारखाना दिवाळखोरीत निघाला, त्याचे नाव बदलले किंवा जमीन अनेक हातांतून गेली, तर जबाबदार कोण हे ठरवणे कठीण होते.
• अनेक कारखाने एकत्र असलेल्या वसाहतीत प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे शास्त्रीयदृष्ट्या अवघड असते.
• भरपाईची रक्कम कशाच्या आधारे ठरवावी याविषयी वाद आहे. उद्योगाच्या उलाढालीचा प्रदूषणाच्या भरपाईशी थेट संबंध जोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. दुसरीकडे, जल व वायू कायद्यांखाली पुनर्स्थापनेसाठी भरपाई आकारण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळांना आहे, असे त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले.
• शुद्धीकरणाला दशके लागू शकतात. या काळात बाधित कुटुंबांना पर्यायी पाणी कोणी व किती दिवस पुरवावे, याची प्रत्येक वेळी न्यायालयाकडे दाद मागावी लागते.

हेही पहा

• भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा
• महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
• राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था
• राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण
• भोपाळ वायुदुर्घटना
• दख्खनचे पठार